राक्षसाची रास

दौलतरावांच्या ओट्यावर भरदुपारी सोंगं मांडली होती. परीचे पंख, उडत्या घोड्याची मान, चेटकिणीचे सुतळीचे केस, राजपुत्राची जरीची टोपी. आणि अगदी कडेला, जिथे सहसा कुणाचा हात जात नाही, तिथे पांगाऱ्याच्या लाकडाचा राक्षस. तांबडे डोळे, रानडुकराचे सुळे.

किन्हीराजाजवळच्या त्या वस्तीत दंडारीची, म्हणजे रात्रभरच्या नाचगाण्याच्या खेळाची, सोंगं वाटायची ती रास पाहून. परी तूळ राशीची, उडता घोडा धनूचा, चेटकीण कर्केची, राजपुत्र सिंहेचा, राक्षस वृश्चिकेचा. रास चुकली की सोंग अंगाला चिकटतं, मग ते जन्मभर उतरत नाही, असं दौलतराव सांगत आणि वस्ती मुकाट्यानं मानत असे.

रास मात्र आईनं सांगायची. तिथंच सगळी गोम होती. राजपुत्राला तलवार मिळे आणि वर्षभर मान मिळे, त्यामुळे वाटपाच्या दिवशी निम्मी वस्ती सिंहेची निघायची.

"माह्या पोराची रास सिंह," धुरपताबाई लेकाचा दंड धरून पुढं आली.

"परसाल तर मेष सांगतली होती तुमी," दौलतराव म्हणाले. "असे सारेच सिंह झाले तर ढोरं कोन चारीन?"

सगळे हसले. दुर्गाबाई तेवढी हसली नाही. ती खांबाला टेकून त्या जरीच्या टोपीकडे बघत बसली होती. मागच्या साली, बहात्तरच्या दुष्काळातही दंडार झाली, तेव्हा ही टोपी तिच्या थोरल्याच्या, देवमनच्या डोक्यावर होती. खेळ संपला तसा तो तोंडही न धुता तळ्याच्या खोदकामावर गेला. दुपारी त्याच्या अंगावर दरड आली. घरी आणला तेव्हा कानामागं राजपुत्राचा पिवळा रंग तसाच होता. तिनं पदर ओला करून पुसला, पुन्हा पुसला. तो पुरता गेलाच नाही.

आता धाकटा पंजाब पुढं झाला होता. मिसरूड फुटलेला, अंगानं थेट भावासारखा. राजपुत्राची सगळी भाषणं त्यानं पाठ केली होती आणि वखर हाकताना बैलांना ऐकवली होती. त्याला रास विचारायची गरजच नव्हती. दौलतरावांनी टोपी उचलून पुढं केली.

"घे बाप्पा. तुह्या भावाची हाये."

पंजाबनं दोन्ही हात पुढं केले.

"थांबा भाऊजी," दुर्गाबाई उठली. "माह्या लेकाची रास वृश्चिक हाये."

राक्षस दर साली कुणाच्या तरी गळ्यात मारावा लागे. आपण होऊन तो मागणारी आई कुणी पाहिली नव्हती. पंजाबचं तोंड भरल्या ताटावरून उठवल्यासारखं झालं.

"आई, काय बोलून राह्यली तू? मी सिंहेचा हावो. साऱ्याइले माईत हाये."

"तू कवा झाला ते तुले माईत, का मले?"

"दादाचं सारं पाठ हाये मले," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "एक अक्षर चुकत नाही, आई."

हो म्हणावं, टोपी घालून पोर कसं दिसतं ते डोळे भरून बघावं, असं तिला फार वाटलं. तिनं त्याच्याकडे बघायचंच टाळलं.

"येडी झाली का व माय?" धुरपताबाई म्हणाली. "हातानं पोराले राक्षस करतं?"

दौलतरावांनी आवाज खाली आणला. "वयनी, ह्याचं नाव ठेवाले जोशी मीच आणला होता. काहून खोटं बोलता? सोंग चिकटीन पोराले."

"चिकटू द्या."

ती ओट्याच्या कडेला गेली आणि तिनं राक्षसाचा मुखवटा उचलला. दिसायला धोंडा, पण हाताला कापसासारखा हलका होता. तो पोटाशी धरून ती पंजाबसमोर येऊन उभी राहिली, पण बोलली दौलतरावांशी.

"राजपुत्र साऱ्या खेळात मरतच नाही, भाऊजी. राक्षस रोज मरते. अन् खेळ सरला का उठते, तोंड धुते, अन् घरी येते. मले घरी येनारा पाह्यजे."

दौलतरावांनी टोपी हळूच परत ओट्यावर ठेवली. पंजाबनं एकदा टोपीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मान खाली घातली. दुर्गाबाईनं मुखवटा त्याच्या तोंडावर बसवला आणि मागून सुतळीची गाठ मारली.

लाकडाच्या आतून हुंदका ऐकू आला. तिनं त्या गाठीवर आणखी एक गाठ मारली.