पाणबुडीचे ठोकळे

हिंदी महासागरातली शांतता भोसरीच्या नौशादभाईंच्या हातात होती. म्हणजे, पाणबुडीची बॅटरी चार्ज करणाऱ्या डिझेल इंजिनाची घरघर शत्रूला ऐकू जाऊ नये, म्हणून इंजिनाखाली बसवायचे रबराचे ठोकळे त्यांच्या गाळ्यात बनत. ही बाब अत्यंत गुप्त असल्यामुळे भाई ती चहावाल्यालासुद्धा कानातच सांगत.

परवा एक अनोळखी बाई गाळ्यात आल्या. "मी यशोदाबाई, निगडीहून आले. चहावाला म्हणाला ते खरं का हो? इंजिन चालू असलं तरी कुणाला पत्ता लागत नाही? केवढ्या जाडीचा असतो ठोकळा?"

भाईंनी शटर अर्धं खाली ओढलं. कंत्राट तर जाणारच, वर तुरुंग! खिशातला मोबाईल चाचपत ते दरडावून म्हणाले, "बाई, खरं सांगा, कुणी पाठवलं तुम्हाला?"

"आमच्या चेअरमननं," म्हणत बाईंनी पिशवीतून सोसायटीची नोटीस काढली. "सोमवारपर्यंत घरघंटीचा आवाज बंद करा, नाहीतर घरघंटी बंद करा म्हणतो. लोकांची दळणं दळूनच घर चालतं हो माझं. चार ठोकळे द्या ना, भाऊ. रिजेक्ट मालातले असले तरी चालतील."