उदयसिंहाची गवाही

उदयसिंह गवाही द्यायला उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला, "मी बायकोला मारायचो."

गिरजाघरात दोन-अडीचशे माणसं. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. बायकांच्या तिसऱ्या रांगेत कपाळावर ठसठशीत कुंकू लावून बसलेली एकटी भानुमती, आणि ती बायको म्हणजे हीच. नवऱ्याचा बाप्तिस्मा होऊन वर्ष झालं होतं. ती मात्र या दारात आज पहिल्यांदा आली होती. "एकदाच चल, मग नाही म्हणणार," असं त्याने आठवडाभर विनवलं होतं. गवाहीचं अवाक्षर काढलं नव्हतं. इथे दर इतवारी एकजण उभा राहून सांगतो, आधी मी कसा होतो आणि प्रभूने मला कसा केला, हे तिला काय माहीत!

"रिसाल्यात होतो, पण घोड्याला कधी चाबूक लावला नाही," उदयसिंह सांगत होता. संस्थान गेलं, मध्यभारत झालं, रिसाला मोडला, तरी त्याचा आवाज कवायतीच्या मैदानावरचाच राहिला होता. पार मागच्या भिंतीपर्यंत खणखणीत पोचत होता. "घरी मात्र हात आवरत नव्हता. दारूला कशाला नावं ठेवू? शुद्धीत असतानाही मारलंय. एकदा पाण्याचा हंडा आणायला उशीर झाला म्हणून अशी एक ठेवून दिली, की डावा कान कायमचा गेला तिचा."

भानुमतीला दरदरून घाम फुटला. पुढच्याच रांगेत प्रमोदिनीबाई बसल्या होत्या. भानुमती ज्या शाळेत मुलींना शिवण शिकवायची, तिथल्या मोठ्या बाई. कान मोतीझऱ्याच्या तापात गेला, असं तिने त्यांना सांगितलं होतं. त्यांनाच काय, सख्ख्या आईला, भावांना, जुनी इंदूरच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना तिने हेच सांगितलं होतं. अकरा वर्षं ते खोटं तिने पदरासारखं सांभाळलं होतं, जरा म्हणून सरकू दिलं नव्हतं. आणि या बाबाने तो भर सभेत ओढून काढला!

प्रमोदिनीबाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. नको होतं तेच झालं. कुणी कीव करू नये म्हणून तर एवढा सगळा आटापिटा केला होता तिने.

बरं, माणूस ढोंगी म्हणावा तर तसंही नाही, हीच तर पंचाईत होती. वर्षभरात तो बाटलीला शिवला नव्हता. गल्लीतले लोक दात काढायचे, तरी नळावरून पाणी तोच भरायचा. मागे तिला ताप आला, तर हा तगडा गडी दोन दिवस तिचे पाय चेपत बसला होता. नाटक असतं तर तिने पहिल्या दिवशीच ओळखलं असतं. नाटक असतं तर बरं झालं असतं.

"प्रभूने माझी सगळी पापं धुतली," उदयसिंहाने बाहीने डोळे पुसले. "मला माफ केलं."

"प्रभु की स्तुति हो!" सगळे एका आवाजात म्हणाले. शेजारची म्हातारी गंगूबाई तर हुंदके देऊन रडायलाच लागली.

तुमच्या प्रभूचं काय जातंय माफ करायला, भानुमती मनात म्हणाली. कान माझा गेला.

तेवढ्यात पादरी साहेब तिच्या रांगेजवळ आले. भला माणूस, आवाजही मऊ. "बहनजी, आज मोठ्या आनंदाचा दिवस आहे. आपल्या तोंडून पण एकदा ऐकू द्या. केलं ना माफ?"

अडीचशे तोंडं तिच्याकडे वळली. नाही म्हणावं, तर नवरा बिचारा रडतोय आणि बायको पाहा कशी दगडाच्या काळजाची! तो भिंतीला टेकवून मारायचा, तेव्हाही निदान एक दार उघडं असायचं.

ती उभी राहिली. "केलं," म्हणाली आणि खाली बसली. पेटी वाजायला लागली. बायका एकेक करून तिला मिठी मारून गेल्या. "किती भाग्याची गं तू!" गंगूबाई म्हणाली.

घरी परतताना उदयसिंह इतका हलका चालत होता, की पंचविशीतला वाटावा. सायकलवरून जाणारा कुणीतरी ओरडला, "वा भिया, क्या गवाही दी!" उदयसिंहाने हसून हात वर केला.

"भानू, गप्प का गं? माझ्या छातीवरचा धोंडा उतरला बघ आज. तुझ्या मनात काही असेल तर बोल. मी सगळं ऐकून घेईन."

भानुमती रस्त्यातच थांबली.

"काय बोलू? मी एका दिवसाची वाट पाहत होते. तुम्ही म्हातारे व्हाल, हातातला जोर जाईल, खाटेला खिळाल. मग मी समोर बसून एकेक गोष्ट तुमच्या तोंडावर म्हणेन. तो हंडा, तो कान, सगळं. तोंडपाठ करून ठेवलं होतं मी. ते आज तुम्हीच बोलून टाकलंत, आणि वर वाहवा पण घेतलीत. माझ्याजवळ तेवढंच होतं हो."

उदयसिंहाचा चेहरा उतरला. त्याने भर रस्त्यात हात जोडले, मान खाली घातली.

"चुकलो, भानू."

संसाराच्या पहिल्या सतरा वर्षांत हा शब्द त्या तोंडातून एकदाही निघाला नव्हता.

"बघा," ती म्हणाली, "आता किती पटकन येतं तुम्हाला."