देठाला मीठ

पहिल्याच घासाला थोरलीचा हात थांबला.

नेहमीप्रमाणे न मागवताच छोट्या छोट्या वाट्या टेबलावर आल्या होत्या. मोड आलेलं कडधान्य, परतलेली बारीक मासळी, लाल तिखटात माखलेली, आंबवलेल्या कोबीची किमची. हे नवं वगळता शहरातलं एकही कोरियन हॉटेल तिनं सोडलं नव्हतं. आधी धाकट्या बहिणीबरोबर आणि ती गेल्यापासून नवऱ्याला ओढून आणून. कुठला रस्सा पाणचट, कुठला मालक वाट्या भरताना हात आखडता घेतो, सगळं तिला तोंडपाठ होतं.

"काय झालं? खडा लागला?" नवऱ्यानं विचारलं.

"ही किमची खाऊन बघ."

त्यानं खाल्ली. "किमची आहे. किमचीसारखी लागतेय."

"देठ चाव."

त्यानं पुन्हा घास घेतला. पानांना मीठ अगदी बेताचं, देठ मात्र अळणी, कच्चा, दाताखाली करकरणारा. चावता चावता तो थांबला. धाकटीच्या किमचीचं नेमकं हेच असायचं. कोबीला मीठ चोळताना तिला धीर म्हणून नसायचा. पानं भराभर माखायची आणि देठाशी आली की कंटाळायची. थोरली दर वेळी तिच्या कानीकपाळी ओरडायची, आणि धाकटी हसून मिठाच्या डब्याचं झाकण लावून टाकायची.

"घाईत कुणाचंही होईल असं," नवरा म्हणाला, पण वाटी त्यानं जरा लांब सरकवली.

दुपारची गर्दी ओसरली होती. मालकीणबाई भांडी उचलायला आल्या, तेव्हा थोरलीनं विचारलं, "किमची कोण करतं तुमच्याकडे?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"आम्ही नाही करत. मागच्या खोलीत कोबी, मीठ, मसाला ठेवतो आणि दार ओढून घेतो. जेवणं आटोपली की ती येते. गेल्या थंडीत हॉटेल उघडलं, तेव्हापासून."

धाकटी त्याच थंडीत गेली होती. थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"ती म्हणजे कोण?"

"कुणी पाहिलंय? आधीचा आचारी एकदा फटीतून डोकावला. पुढे महिनाभर ती आलीच नाही, कोबी तसाच सडला. त्यानंतर आम्ही त्या वाटेलाच जात नाही. गिऱ्हाईक खूश आहे, आणखी काय पाहिजे?" मालकीणबाईंनी वाट्या एकात एक रचल्या. "तेवढं देठाचं सांगायचं राहिलंय. पण सांगणार कोण?"

थोरली उठली.

"अगं, बस खाली," नवरा म्हणाला. ती केव्हाच स्वयंपाकघरात शिरली होती.

मागचं दार साधं, लाकडी होतं. आत कुणीतरी पानं चोळत होतं. सरसर, सरसर, मध्येच पाण्याचा चुबूक आवाज, पुन्हा सरसर. काम एकदाचं उरकून टाकायची ती घाई थोरलीनं दाराबाहेरूनही ओळखली.

तिचा हात कडीवर गेला. तिला एकदा, फक्त एकदा धाकटीचं तोंड बघायचं होतं. दवाखान्यात तेही धड बघू दिलं नव्हतं. मागे येऊन उभ्या राहिलेल्या मालकीणबाई तिला अडवत नव्हत्या, नुसता हातातला पंचा पिळत होत्या. पंचा कोरडा होता.

कडी गार होती. थोरलीनं ती अर्धी वर केली. मग तो सडलेला कोबी तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि तिनं कडी पुन्हा खाली बसवली. कपाळ दाराला टेकलं. बोलायचं खूप होतं, महिनोन् महिने साठलेलं. तोंडून निघालं ते नेहमीचंच.

"देठाला मीठ लाव गं. दर वेळी सांगायचं का?"

आतला आवाज थांबला.

मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. बोलायला नको होतं, असं थोरलीला वाटलं. आत पाणीसुद्धा वाजत नव्हतं.

मग दारापलीकडे, अगदी जवळ, मिठाच्या डब्याचं झाकण उघडलं.