उस्तादांचे हात

दांडी चिमट्यात आली की नाही, हे उस्तादांना आता बोटांवरून कळत नसे. ते काचेतून बघून ठरवत.

काच हातभर जाडीची, पिवळसर. पलीकडच्या बंद खोलीत अणुभट्टीतून काढलेल्या इंधनाची दांडी आणि अलीकडे उस्ताद, हातात दोन लोखंडी मुठी. इकडे मूठ हलली की तिकडचे यांत्रिक हात हलत. त्या दांडीपाशी दोन मिनिटं उभा राहिलेला माणूस महिनाभरही जगत नाही, हे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी ऐकवत. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही दांडी पडली नव्हती. म्हणून तर सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

गेल्या वर्षी बोटं बधिर व्हायला लागली. आधी टोकं, मग पार मनगटापर्यंत. त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर भांडारात नेऊन बसवलं असतं, आणि या मुठी सोडून आपल्याला दुसरं काही येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तेवढं रेटायचं.

पुढे पुढे बोटांबरोबर बाकीचंही बधिर होत गेलं. आधी भीती तरी वाटायची, तीही वाटेनाशी झाली.

एकदा घरी गॅसवरच्या पातेल्याचं झाकण त्यांनी नुसत्या हाताने उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"अहो, भाजेल!" बायको ओरडली.

"कामाने हात निबर झालेत."

"हातच कशाला, अख्खा माणूसच निबर झालाय," म्हणत तिने झाकण काढून घेतलं. पुढच्या आठवड्यात तिने त्यांच्या सगळ्या शर्टांना टिचबटणं लावली. हल्ली तीच फॅशन आहे म्हणे. उस्तादांना बरंच झालं.

त्याच सुमारास कामावरही नशिबाने साथ दिली. जुन्या खोलीचा फिल्टर बिघडला म्हणून मॅडमनी त्यांना शेजारच्या खोलीवर आणलं. मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. काम उस्तादांच्याच हाताखाली शिकल्या आणि आता त्यांच्या साहेब झाल्या होत्या. इथे घाईगडबड नव्हती. दांडीला बारीक भोक पाडायचं, आत कोंडलेला वायू बाटलीत धरायचा, काट्यावर दाब वाचायचा. मग एक चकती कापून, घासून तिचा फोटो काढायचा.

"किती आला, उस्ताद?"

"काटा जागचा हलत नाही, मॅडम. हल्ली इंधन फारच चांगलं बनतंय."

"हो ना," म्हणत मॅडम आकडा पेन्सिलीने लिहून घेत.

मंगळवारी सकाळी मॅडमनी विचारलं, "चहा सांगू का?" आणि उस्तादांनी मान वळवली. एवढंच. पुन्हा बघितलं तर चिमटा उघडा होता आणि दांडी जमिनीवर, तीन तुकडे होऊन. भोवती करडी धूळ.

किरणं पसरली की वाजणाऱ्या भोंग्याची ते वाट बघत राहिले. भोंगा वाजला नाही.

"मॅडम, भोंगा बंद पडलाय. आधी सगळ्यांना बाहेर काढा," ते शांतपणे म्हणाले. मग म्हणाले, "चूक माझी. वर्ष होत आलं, बोटांना काही कळत नाही. मी लपवलं. काय लिहायचं ते लिहा."

मॅडम उठून मागे गेल्या. फोन करायला गेल्या असतील, असं उस्तादांना वाटलं.

काचेपलीकडचं जाड दार उघडलं आणि मॅडम आत आल्या. अंगावर नेहमीचे कपडे, पायात चपला.

उस्ताद ओरडले. दोन्ही तळव्यांनी काच बडवत राहिले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांना भीती वाटत होती.

मॅडम खाली वाकल्या. उघड्या हातांनी तिन्ही तुकडे गोळा केले, बोटांवरची धूळ रुमालाला पुसली आणि आतल्या माइकचं बटण दाबलं.

"तुमच्या हातांचं सांगायला घरून काकूंचा फोन आला ना, त्याच आठवड्यात ही खोट्या दांडीची खोली तुमच्यासाठी मांडून घेतली, उस्ताद. उद्या दुसरी दांडी ठेवते."