बेबीची तपासणी

“तुमची किडनी घेता येणार नाही, ताई,” डॉक्टर म्हणाले.

“काहून जी? रक्त तं जुळलं होतं नं?”

नागपूरच्या त्या दवाखान्यात बेबी नवऱ्यासाठी किडनी द्यायला आली होती. तपासण्या आटोपल्या होत्या.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. “रक्त जुळलं. पण तुमच्याच दोन्ही किडन्या अर्ध्याहून जास्त गेल्यात. आज काही जाणवत नसेल. पुढं जाणवेल. गावात पाणी कुठलं पिता?”

“हापशीचं.”

“यजमानही तेच प्यायचे?”

“सारं गावच पिते.” मग एकदम ती थांबली. “माही पोरगी सलोनी बी...”

“तिलाही घेऊन या एकदा,” डॉक्टर हळू म्हणाले.

बेबी उठली. दारापर्यंत जाऊन परत फिरली.

“त्याइले सांगू नका, साहेब. मांगच्या महिन्यात डायलिसिसले जात नाही म्हनून हटून बसले होते. हे आयकलं तं कायचे जातात ते.”

बाहेर बाकावर तिचा नवरा वामन बसला होता. पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी हलवणारा माणूस. आता बसची पायरी चढली की दम घ्यायला उभा राहायचा. यंदा बोंडअळीनं कापूसच खाल्ला, जिनिंग संक्रांतीआधी बंद पडली. तसाही तो कामावर नव्हताच.

“काय म्हनले?”

“जुळत नाही म्हनले.”

“रक्त तं जुळलं म्हनत होते.”

तिनं पिशवी उचलली आणि पुढं चालू लागली.

बसमध्ये बसल्यावर त्यानं पुन्हा विचारलं. आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ नये, इतक्या हळू.

“भेली काय वं तू?”

बेबी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली.

“हो. भेली मी.”

वामननं तोंड खिडकीकडे वळवलं. जाम गेलं, हिंगणघाट गेलं. बाहेर शेतांमधून बाया कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर फेकत होत्या. मनगटावरची सुया टोचून फुगलेली शीर तो अंगठ्यानं चोळत होता. त्यानं शिव्या द्याव्यात, असं तिला वाटत होतं. माह्यासाठी एवढं बी नाही झालं तुह्यानं, असं तरी म्हणावं. ते तिनं ऐकून घेतलं असतं.

वडनेर आलं तेव्हा तो वळला.

“बरं केलं,” तो म्हणाला. “नोको देऊ, असं मीच म्हननार होतो तुले. रोज म्हनीन म्हनीन करो. तोंडातून निंघेच ना. जगावं वाटे मले.”

“आता कायले बोलता ते...”

“आयक तं. मी गेलो तं सलोनीले तू राहशीन. चांगली धडधाकट. मंग मले कायचं भेव हाये?”

तो हसला.

वामननं मान मागं टेकवली. अंगाच्या खाजेनं त्याची झोप कधीची उडाली होती. आज बस खड्ड्यांतून आदळत होती तरी त्याचा डोळा लागला. हळूहळू त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं.

पांढरकवडा येईपर्यंत बेबीनं खांदा हलू दिला नाही.