दोन हाका

"काका, आज मी नापास झाले तर घरीच बसायचंय."

"मी पास झालो तरी महिन्याभरात निवृत्त होऊन घरीच बसायचंय," कॅप्टन म्हणाले. "चल, उशीर नको."

त्यांनी अर्धी कॉफी तशीच ठेवली. आज नको वाटतेय, एवढंच म्हणाले.

सहवैमानिक म्हणून तिची ही शेवटची संधी होती. परीक्षेचं विमान म्हणजे लोखंडी पायांवर डुलणारी बंद खोली आणि समोर पडद्यावरचं आभाळ. मागच्या खेपेला दुसऱ्या एका कॅप्टनने बेशुद्धीचं सोंग घेतलं आणि ती जमीन येईपर्यंत "सर? सर?" करत राहिली. विमान पडद्यावर आपटलं, पण ती नापास झाली खरोखरची. त्याआधीही तेच. वडीलधाऱ्याच्या हातातलं काही काढून घ्यायला तिचा हातच धजावत नसे. त्यापायी रात्ररात्र डोळा लागत नव्हता. थकून गेली होती ती.

म्हणून या वेळी शेजारच्या खुर्चीत काका होते. सोंग वठवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सगळे त्यांना नटवर्य म्हणत. गेल्या वर्षी ते जीभ बाहेर काढून असे काही मेले की परीक्षकाला हसू आवरेना.

"नीट ऐक," जिन्याशी ते म्हणाले. "परीक्षक मागून माझ्या खांद्याला बोटं लावणार. तुला ते दिसणार नाही. मग मी मेलो. दोन हाका मारायच्या. तिसरी मारलीस की संपलं. माझा मान राखू नकोस, विमान राख."

अर्ध्या जिन्यात ते कठडा धरून थांबले.

"सोंगाला अजून अवकाश आहे, काका," ती हसत म्हणाली.

तेही हसले.

परीक्षेत विमान तीनदा उतरवायचं होतं. पहिली खेप धड पार पडली. दुसऱ्या खेपेला विमान काकांच्या हातात होतं. समोर ढग दाटले, आकडे उतरू लागले.

"हजार फूट," तिने सांगितलं.

तिने आवाज चढवला.

"कॅप्टन, हजार फूट."

काकांची मान छातीवर कलली होती. तिसरी हाक तिच्या ओठांवर आली. ती तिने गिळली.

"विमान माझ्या हातात!"

तिने त्यांचा हात दांड्यावरून उचलला. चांगलाच जड होता. त्यांचा पट्टा आवळला, खुर्ची मागे सारली. कपाळावर घाम डवरलेला. घामसुद्धा आणतात म्हणजे कमाल आहे, तिच्या मनात आलं. मग तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. धावपट्टी ढगांतून वर आली आणि चाकं अलगद टेकली. कितीतरी महिन्यांनी तिला स्वतःचा अभिमान वाटला. आधीचं नापास होणं आईपासून लपवलं होतं; आता घरी खरं काय ते सांगता येणार होतं.

परीक्षकाने दिवे लावले.

"पास. तिसऱ्या खेपेची गरजच नाही. असं उतरवता येत होतं, तर आम्हाला एवढं कशाला दमवलंस?"

तिला रडूच कोसळलं. "काका, ऐकलंत ना?"

परीक्षक हसत पुढे झाला. त्याने कॅप्टनच्या खांद्यावर थाप मारली.

"ऊठ रे नटवर्या, संपलं नाटक. आणि तुला एवढी कसली घाई झाली होती? मी अजून बोटं लावलीच नव्हती."