साठची एकशेवीस

‘आतलं मशीन आधी पूर्ण बंद करा,’ असं कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. म्हणून काकांनी ते बंद केलं नाही.

कागद लॅबमध्ये हाताखाली काम करणाऱ्या ताईने लिहिलेला होता, आणि गेला महिनाभर काकांनी ठरवलं होतं की ताईचं काहीही सरळ घ्यायचं नाही. पण संगणकाची डिस्क वाढेना. बटण करडं पडलेलं, दाबलं तरी ढिम्म. शेवटी निमूटपणे आतलं मशीन बंद केलं, तर बटण शहाण्यासारखं उजळलं. ठीक आहे, काका मनात म्हणाले. पहिली गोष्ट खरी सांगायची, ही ठगांची जुनीच रीत.

लॅब दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत प्लास्टरचे जबडे फळीवर ओळीने आ वासून बसलेले, मागच्या खोलीत भट्टी. दातांच्या डॉक्टरांसाठी कॅप आणि ब्रिज इथे बनत. स्कॅनर जुना, त्याचा प्रोग्रॅम जुन्याच सिस्टिमवर चालणारा. म्हणून नव्या संगणकाच्या पोटात एक लटका जुना संगणक बसवलेला होता. व्हर्च्युअल मशीन. काका त्याला नुसतं ‘आतला’ म्हणत, पोटभाडेकरूला म्हणावं तसं. आतल्याला साठ जीबी जागा दिलेली. आठ वर्षं पुरली, कारण काम पोचलं की काका फाइल पुसून टाकत. दात तोंडात गेला, फाइल हवी कशाला? आणि आज सकाळी स्क्रीनवर पाटी आली: जागा शिल्लक नाही.

मग खाल्ली कोणी?

ताई म्हणाली होती, दहा मिनिटांचं काम आहे, मी वाढवून देते. काका म्हणाले होते, तू कागदावर लिहून दे, आणि डॉक्टरांकडे जाऊन ये.

‘२. बाहेरून साठची एकशेवीस करा.’

केली.

‘३. आतलं चालू करा. आत साठच दिसेल. घाबरू नका, काका.’

घाबरतंय कोण. पण दिसत होती साठच. बाहेर दुप्पट जागा दिली आणि आतल्याला पत्ताच नाही. वाढलेली जागा शेजारी मोकळी पडून होती. मधली भिंत सरकवायची तेवढी बाकी. चौथ्या ओळीत ती भिंत कशी सरकवायची ते होतं.

काकांनी चौथी ओळ केली नाही. आधी घर कोणी भरलं ते बघू.

ताई रोज संध्याकाळी काका घरी गेल्यावर तासभर मागे राहायची. का?

फोनवर, हळू आवाजात: ‘हो डॉक्टर, मी बघते, काकांना नका सांगू.’ भट्टीच्या दाराआडून काकांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलेलं.

आणि समोरचा गाळा. तो रिकामा झाला त्याच आठवड्यात ताई त्याच्या काचेला नाक लावून उभी होती. मांजर आत अडकलंय वाटलं, म्हणाली. त्या रस्त्यावर काकांनी कधी मांजर पाहिलं नव्हतं.

अकरा वर्षं हाताखाली शिकवलेलं माणूस. ती समोर बसली आणि डॉक्टर तिच्याकडे वळले, तर ही लॅब सहा महिनेही टिकायची नाही.

फोल्डर सापडायला वेळ लागला नाही. त्याला नाव नव्हतं, नुसती एक रेघ. आत एकशे चाळीस कामं, सगळी काकांनी पुसलेली, सगळी गेल्या वर्षभरातली. प्रत्येकाच्या दोन प्रती. काकांनी एक काम उघडलं. खालच्या दाढेची कॅप. एका प्रतीत कॅप आणि दात यांच्यामध्ये केसाएवढी फट. दुसरीत कड अशी बसलेली की हवा शिरू नये. पुढचं काम. तेच. त्याच्या पुढचं.

काका खुर्चीत रेलले. चोर सापडण्याचंही एक सुख असतं. चोख काम त्यांचं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. फटीचं तिचं. मालकाचं काम समोर ठेवून बाई गिरवत होती. हात बसला की समोरचं शटर वर. वर्ष झालं तरी फट काही जात नाही, या विचाराने त्यांना जरा बरंही वाटलं.

ताई आली. पिशवी तिने टेबलावर ठेवायची ती पायाशी ठेवली. काकांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला आणि गाळा कधी घेतेयस म्हणून विचारलं. तिने नाकारलं नाही. भाडं विचारलं होतं, म्हणाली, मांजराचं खोटं होतं; पण घ्यायचाच असता तर तुम्हाला विचारून घेतला असता.

"माझं काम गिरवतेस," काका म्हणाले. "तेही धड जमत नाही. ही फट बघ."

ताईने फट पाहिली. मग वाकून पिशवीतून एक डबी काढली आणि उघडून त्यांच्यापुढे ठेवली. आत गेल्या आठवड्यात काकांनी केलेला ब्रिज होता, साच्यासकट. सोबत डॉक्टरांची दोन शब्दांची चिठ्ठी: बसत नाही.

"फटीचं तुमचं आहे, काका," ती म्हणाली. "ते परत पाठवतात. तुम्ही गेल्यावर मी दुसरं करून देते."

काकांनी ब्रिज खिडकीशी नेला. साच्यावर बसवला. परक्याचं काम म्हणून बघताना फट क्षणात दिसली होती. आता डोळे ती मानायला तयार नव्हते. त्यांनी कडेवरून नख फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं.

ते खुर्चीत येऊन बसले. बराच वेळ कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिले. मग चौथी ओळ वाचली, आतल्या डिस्कवर जाऊन वाढवायचा पर्याय उघडला. आकड्याची चौकट रिकामी लुकलुकत होती.

"किती वाढवू?" त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

"पुढची कामं तुम्ही करणार असाल, तर सगळी," ताई म्हणाली. "मी करायची असतील, तर दोन-दोन प्रती कशाला? हे फोल्डर पुसलं की आहे तेवढी पुरे."